फोर-गॅस मीटरचं कॅलिब्रेशन: सिलिंडरच्या लेबलपासून लॉगबुकच्या नोंदीपर्यंत

फोर-गॅस मीटर म्हणजे बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याआधी तिथली हवा तपासायचं हातातलं उपकरण. स्वच्छ हवेत चालू केला की तो चार आकडे दाखवतो. एलईएल (पेटणारा वायू, त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या टक्क्यांत) शून्य, कार्बन मोनॉक्साइड शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य, ऑक्सिजन २०.९ टक्के. मीटर ठणठणीत असला तरी हेच आकडे दिसतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर पार मेलेला असला तरीही हेच दिसतात. विषारी वायूचा सेन्सर वायू पोचला की करंट तयार करतो, वायू नसेल तर करंट नसतो. सेन्सर आतून सुकला किंवा त्याच्या तोंडावरची जाळी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) गाळाने बुजली, तरीही करंट नसतोच. मीटर दोन्ही वेळा शून्य लिहितो. सुरू होताना तो स्वतःची तपासणी करतो खरी, पण तिला बॅटरी, सर्किट, सेन्सर जागेवर आहे का एवढंच कळतं. बुजलेली जाळी कळत नाही. एलईएलच्या सेन्सरचंही तेच. ऑक्सिजनचा सेन्सर तेवढा संपत आला की आकडा खाली येऊन अलार्म वाजतो. बाकीचे तिघे गप्प राहून मरतात.

म्हणून सम्पमध्ये (सांडपाणी साठवायच्या खड्ड्यात), मॅनहोलमध्ये किंवा रिॲक्टरमध्ये माणूस उतरवण्याआधी मीटरला खरा वायू दाखवायचा आणि तो ओळखतो का ते बघायचं, हीच एक खात्री आपल्या हातात असते. वासावर विसंबता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) पुढे गेलं की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि वायू संपला असं वाटतं. मीटर हल्ली एमआयडीसीत जवळपास सगळीकडे असतो, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेटही असतं. रोज सकाळी त्याला वायू दाखवायची सवय मात्र मला क्वचितच दिसते. हा लेख त्या सवयीसाठी आहे.

पुढचं सगळं नेहमीच्या फोर-गॅस मीटरबद्दल आहे: पेटणाऱ्या वायूंसाठी कॅटॅलिटिक बीडचा सेन्सर (तापलेल्या छोट्या मण्यावर वायू जाळून मोजणारा) आणि ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइडसाठी इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर. बटणं आणि मेनू प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. त्यासाठी मॅन्युअल जवळ ठेवा, आणि इथलं काही मॅन्युअलशी जुळत नसेल तर मॅन्युअलचं ऐका.

झीरो, बंप आणि कॅलिब्रेशन

ही तीन कामं वेगळी आहेत आणि बोलताना सर्रास एक केली जातात. झीरो म्हणजे स्वच्छ हवेत मीटरला सांगणं की आत्ता आहे ते शून्य आणि ऑक्सिजन २०.९ धर. बंप टेस्ट म्हणजे सिलिंडरमधला माहीत असलेला वायू मीटरवर सोडून सेन्सर हलतात का, अलार्म वाजतात का हे बघणं. यात मीटरच्या आत काहीच बदलत नाही. फुल कॅलिब्रेशन म्हणजे तोच वायू दाखवून मीटरला त्याचे आकडे लेबलप्रमाणे दुरुस्त करायला लावणं. त्यालाच स्पॅन म्हणतात.

बंप रोज, पहिल्या वापराआधी. फुल कॅलिब्रेशन कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, आणि बंप नापास झाली की त्याच दिवशी. काही कंपन्या सहा महिन्यांपर्यंतची मुदत देतात. माझ्या मते रासायनिक कारखान्यात, जिथे मीटर रोज गाळात आणि वाफेत जातो, तिथे महिन्यातून एकदा करावं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट ऑडिटसाठी लागतं आणि ते घ्यावंच. पण त्या सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं ते त्या तारखेपुरतं. दुसऱ्या दिवशी मीटर पाण्यात पडला तर त्या कागदाला ते माहीत नसतं.

सिलिंडर, रेग्युलेटर, नळी

फोर-गॅस मीटरसाठी चारही वायू एकाच सिलिंडरमध्ये मिळतात. नेहमीचं मिश्रण असं: मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम आणि बाकी नायट्रोजन. ऑक्सिजन मुद्दाम १८ ठेवलेला असतो, कारण तो १९.५ च्या खाली गेल्यामुळे ऑक्सिजनचा लो अलार्मही त्याच वेळी तपासून होतो.

हायड्रोजन सल्फाइडचं मिश्रण ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये येतं. साध्या लोखंडाच्या सिलिंडरच्या भिंतीशी हा वायू अभिक्रिया करतो आणि मिश्रणातलं त्याचं प्रमाण घटत जातं. म्हणूनच या सिलिंडरला मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर भरलेला असतो, प्रेशर दाखवतो, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडही बहुधा बरोबर देतो. घटलेला असतो तो नेमका हायड्रोजन सल्फाइड. अशा सिलिंडरवर स्पॅन केलं तर मीटर घटलेल्या वायूलाच २५ समजायला शिकतो. मग त्याचे आकडे जास्त येऊ लागतात, विनाकारण अलार्म वाजतात, आणि लोकांचा मीटरवरचा विश्वास उडतो. मुदत संपली की सिलिंडर बाद करा. अर्धा भरलेला सिलिंडर टाकवत नाही हे मला कळतं. तरी बाद करा.

५८ लिटरचा सिलिंडर आणि मिनिटाला अर्धा लिटर सोडणारा रेग्युलेटर धरला तर एकूण ११६ मिनिटांचा वायू मिळतो. एका बंपला पाऊण मिनिट पकडलं तर हिशेबाने दीडशेच्या आसपास बंप होतात. एका बंपची किंमत त्यावरून काढा आणि ‘गॅस महाग पडतो’ म्हणणाऱ्या माणसासमोर ठेवा.

रेग्युलेटर मीटरला जुळणारा हवा. पंप नसलेल्या मीटरला ठरावीक प्रवाहाचा लागतो, मॅन्युअलमध्ये मिनिटाला ०.२५ किंवा ०.५ लिटर असं काही लिहिलेलं असतं. पंपाच्या मीटरला डिमांड-फ्लो रेग्युलेटर लागतो, जो पंप ओढेल तेवढाच वायू देतो. पंपाच्या मीटरला कमी प्रवाहाचा साधा रेग्युलेटर जोडला तर पंप अडून अलार्म देतो, नाहीतर सांध्यातून बाहेरची हवा ओढतो आणि आकडे खोटेच कमी येतात. वेल्डिंगचा रेग्युलेटर इथे चालत नाही.

नळी कंपनीने दिलेलीच वापरा आणि मीटरभरापेक्षा लांब नको. सलाइनची किंवा फिश टँकची नळी बसते म्हणून लावली जाते, पण हायड्रोजन सल्फाइड काही प्रकारच्या रबरात आणि प्लास्टिकमध्ये मुरतो. मग आकडा रेंगाळत चढतो आणि दोष सेन्सरवर जातो. क्लोरीन किंवा अमोनियासाठी वापरलेली नळी या कामाला घेऊ नका.

जागा कुठली

झीरो करायची जागा ही सगळ्या कामातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट आहे. मीटरला तुम्ही सांगता की ही हवा म्हणजे शून्य. त्या हवेत जनरेटरच्या धुरातून आलेला १५ पीपीएम कार्बन मोनॉक्साइड असेल, तर पुढे दिवसभर खरे ५० पीपीएम असताना मीटर ३५ दाखवेल. जनरेटर, बॉयलर, फोर्कलिफ्ट, स्क्रबरची चिमणी यांच्यापासून लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. बॅटरी चार्जिंग रूमजवळ तर नकोच. तिथल्या हायड्रोजनने कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरचा आकडा चढतो. हाताला नुकतं लावलेलं सॅनिटायझरही तसंच, त्यातल्या अल्कोहोलने आकडा हलतो. हात सुकू द्या.

मीटर कधी उणे आकडा दाखवत असेल, म्हणजे स्वच्छ हवेत कार्बन मोनॉक्साइड उणे ८ वगैरे, तर कुणीतरी आधी घाण हवेत झीरो केलेलं आहे, असं समजा. स्वच्छ हवेची खात्रीच नसेल तर झीरो एअरचा, म्हणजे स्वच्छ कोरड्या हवेचा, सिलिंडर मिळतो, तो वापरावा.

आता पावसाळा. कोकणपट्टीत काम करणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंटवाल्याला जून ते सप्टेंबर हा प्रश्न पडतो. ३० अंशांवर हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर त्या हवेत सुमारे ४.२ टक्के पाण्याची वाफच असते. वाफेने जागा घेतली की ऑक्सिजन २०.९ राहत नाही, २०.० वर येतो. मीटर एसी कंट्रोल रूममध्ये झीरो करून बाहेर आणला तर तो २०.३ च्या आसपास दाखवतो (एसीच्या हवेतही थोडं बाष्प असतंच), आणि सेन्सर गेला म्हणून तक्रार येते. सेन्सर उत्तम असतो, तो बाष्प मोजून दाखवत असतो. उलट भिजलेल्या हवेत झीरो केलं, तर सिलिंडरमधला कोरडा १८ टक्के ऑक्सिजन १८.८ पर्यंत दिसू शकतो. पावसाळ्यात ऑक्सिजन अर्ध्या-पाऊण टक्क्याने सरकला तर सेन्सर काढण्याआधी झीरो कुठल्या हवेत झालं ते विचारा. मोठं काम असेल त्या दिवशी झीरो एअरच्या सिलिंडरवर झीरो करावं, वादच मिटतो.

एसीमधून बाहेर आणल्यावर मीटरवर दव साचतं. दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग चालू करा.

बंप टेस्ट, क्रमाने

पहिल्यांदा मीटर हातात घेऊन नीट बघा. जाळीवर गाळ, ग्रीस, पाण्याचा थेंब आहे का? ओलसर कापडाने पुसा. साबण, थिनर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिलिकॉनचा कुठलाही स्प्रे किंवा पॉलिश वापरू नका. फिल्टर काळवंडला असेल तर बदला; तो स्वस्त भाग आहे.

मीटर स्वच्छ हवेत चालू करा. स्क्रीनवरची उलटी मोजणी संपली की लगेच घाई करू नका, एलईएलचा बीड तापून स्थिर व्हायला आणखी दोन-तीन मिनिटं द्या. कॅलिब्रेशनची तारीख, बॅटरी, सेन्सरचे इशारे वाचा. मग झीरो करा.

सिलिंडरचं लेबल वाचा, आणि कालचा सिलिंडर असला तरी वाचा: चारही वायूंचं प्रमाण, मुदतीची तारीख, गेजवरचं प्रेशर. कॅलिब्रेशनची कॅप बसवा. कॅपवर बाण असेल तर त्या दिशेने. पंख्याखाली किंवा जोराच्या वाऱ्यात उभं राहून करू नका, कॅपखाली हवा शिरते. खोलीतही दार-खिडकी उघडी हवी. २५ पीपीएमचा वायू थोडाच सुटतो, तरी दिवसाला वीस मीटर तपासायचे असतील तर त्या माणसाच्या नाकापुढे तो सुटतोय हे विसरू नका.

व्हॉल्व्ह उघडा आणि स्क्रीनवरून नजर हलवू नका. ऑक्सिजन लगेच उतरायला लागतो: २०.९, २०.१, १९.३, आणि १९.५ ओलांडताना पहिला अलार्म होतो. एलईएल आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या मागोमाग चढतात. हायड्रोजन सल्फाइड सगळ्यात सावकाश: ९, १६, २१, मग एकेक करत २४. साधारण अर्ध्या मिनिटात तो टिकून राहायला हवा. शेवटचा आकडा बरोबर आला पण यायला दीड मिनिट लागलं, तर तो मीटर माझ्या लेखी पास नाही. फिल्टर बुजलाय किंवा सेन्सर म्हातारा झालाय. सम्पमध्ये उतरणाऱ्या माणसाकडे ते दीड मिनिट नसतं.

आवाज, लाइट आणि व्हायब्रेशन, तिन्ही झाले का बघा. ब्लोअरच्या गोंगाटात व्हायब्रेशनच कळतं, आणि तेच बंद पडलेलं असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आकडे लेबलशी ताडा. लेबलच्या १० टक्के इकडे-तिकडे ही चालण्याजोगी मर्यादा: एलईएल ५० असेल तर ४५ ते ५५, कार्बन मोनॉक्साइड ९० ते ११०, हायड्रोजन सल्फाइड २२.५ ते २७.५. ऑक्सिजनला मी एवढी सूट देत नाही, अर्धा टक्का पुरे. पावसाळ्याची गोष्ट वर आलीच आहे. व्हॉल्व्ह बंद करा, कॅप काढा, आकडे परत शून्यावर आणि २०.९ वर येतात का पाहा. मीटरमध्ये साठलेला त्या चाचणीचा पीक (सर्वात वरचा आकडा) रीसेट करा, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी तो आकडा टाकीतला समजून घाबरेल.

फुल कॅलिब्रेशन

बंप नापास झाली की फुल कॅलिब्रेशन. त्यात झीरोनंतर मीटर स्पॅनचा वायू मागतो, दोन-तीन मिनिटं घेतो आणि प्रत्येक सेन्सरपुढे पास किंवा फेल लिहितो. दिसायला सोपं आहे, पण घात होतो तो मेनूमध्ये भरलेल्या आकड्यांवर.

समजा मीटरमध्ये हायड्रोजन सल्फाइडचं स्पॅन २० पीपीएम भरलेलं आहे, कारण मागचा सिलिंडर २० चा होता. आता आलेला सिलिंडर २५ चा आहे आणि मेनू कुणी बदलला नाही. कॅलिब्रेशन बिनबोभाट पास होतं. पण मीटर आता २५ ला २० म्हणायला शिकला. १० पीपीएमचा अलार्म प्रत्यक्षात १२.५ वर वाजणार. नवा सिलिंडर आला की मेनूतले चारही आकडे लेबलशी ताडून बघायचे, हा नियम करा.

मिथेनबाबत आणखी एक गुंता आहे. मिथेनची खालची स्फोटमर्यादा काही मानकं हवेत ५ टक्के धरतात, तर आयईसीच्या (विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मानकात ती ४.४ टक्के आहे. त्यामुळे २.५ टक्के मिथेन पहिल्या हिशेबाने ५० टक्के एलईएल होतो, दुसऱ्या हिशेबाने ५७. सिलिंडर एका पद्धतीचा आणि मीटरचं सेटिंग दुसऱ्या पद्धतीचं असेल तर आकडा कधीच जुळत नाही. लेबलवरची मिथेनची टक्केवारी धरा आणि मीटर कुठली मर्यादा मानतो ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

स्पॅन करण्याआधी मीटर काय दाखवत होता तो आकडा लिहून ठेवा. बहुतेक लोक फक्त नंतरचा आकडा लिहितात आणि नंतरचा आकडा दरवेळी २५ च असतो. आधीचे आकडे मात्र महिन्यागणिक २४, २१, १९, १६ असे उतरत असतील तर सेन्सर संपत आलाय. कॅलिब्रेशन दरवेळी त्याचा सिग्नल वाढवून ते झाकत असतं. १६ वर पोचायच्या आत नवा सेन्सर मागवा. आणि एकदा फेल झालेलं कॅलिब्रेशन पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा करू नका. एकदा नळी, कॅप, सिलिंडर, फिल्टर तपासून परत करा. तरीही फेल आलं तर सेन्सर बदला. नवा सेन्सर बसवल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ त्याला स्थिर व्हायला द्या, मगच कॅलिब्रेट करा.

पास झाल्यावर कॅप काढून, आकडे शून्यावर आले की परत एक बंप घ्या. अर्धा मिनिटाचं काम आहे.

एलईएलचा सेन्सर आणि लायटर

शटडाउनच्या कामावर एक दृश्य नेहमी दिसतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं, मीटर तपासलाय का? तो खिशातून लायटर काढतो, न पेटवता मीटरच्या जाळीला टेकवून दाबतो. मीटर किंचाळायला लागतो. “बघा साहेब, चालू आहे.”

लायटरमधून निघणारा ब्युटेन जवळजवळ शुद्ध असतो. एलईएलचा सेन्सर १०० टक्के एलईएलपर्यंतचं मोजायला बनवलेला आहे, आणि ब्युटेनची १०० टक्के एलईएल म्हणजे हवेत दोन टक्केही नाही. एवढा मारा झाला की बीड प्रमाणाबाहेर तापतो, झीरो सरकतं, संवेदनशीलता कमी होते. म्हणजे तपासणीच्या नावाखाली तो सेन्सर रोज थोडा मारला जातो. हायड्रोजन सल्फाइडच्या सेन्सरबद्दल तर लायटरने काहीच कळत नाही. जाळीवर फुंकर मारून ऑक्सिजनचा आकडा पाडून दाखवणं हाही त्यातलाच प्रकार. त्यातून एवढंच कळतं की एक सेन्सर हलतोय.

याच सेन्सरला विषबाधाही होते. सिलिकॉन हा सर्वात वाईट: गंज सोडवायचे काही स्प्रे, केबलचं ग्रीस, सीलंट, डॅशबोर्डचं पॉलिश, काही हँडक्रीम. सिलिकॉनची वाफ तापलेल्या बीडवर जाऊन जळते आणि तिथे थर बसतो. शिशाची संयुगं आणि फॉस्फरसची काही संयुगं तसंच करतात. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट आणि हायड्रोजन सल्फाइड त्याला तात्पुरतं बधिर करू शकतात. मीटर ठेवायच्या कपाटात स्प्रेचे डबे ठेवू नका.

विषबाधा झालेला बीड सगळ्यात आधी मिथेन ओळखायचा थांबतो, कारण मिथेनचा रेणू जाळायला सर्वात कठीण. प्रोपेन, पेंटेन तो त्यानंतरही काही काळ ओळखत राहतो. म्हणून प्रोपेनच्या सिलिंडरवर पास झालेला मीटर मिथेनला आंधळा असू शकतो. सांडपाण्याच्या विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये, बायोगॅसच्या कामात मिथेनच असतो. तुमचा मीटर पेंटेनच्या स्केलवर लावलेला असला तरी बंप मिथेनवरच करा. पेंटेनच्या बरोबरीचा आकडा देणारे मिथेनचे सिलिंडर त्यासाठीच बनतात.

पंपाचा मीटर असेल तर

रोज बंपआधी इनलेटवर बोट ठेवा. काही सेकंदांत पंप अडल्याचा अलार्म यायला हवा. आला नाही तर कुठेतरी हवा शिरतेय. मग लांब नळी जोडून नळीच्या टोकाला बोट लावून तीच तपासणी करा. वायूही त्या टोकातूनच द्या, म्हणजे नळीसकट बंप होते आणि आकडा यायला किती वेळ लागतो ते कळतं. नळीच्या दर मीटरला तीनेक सेकंद धरा, त्यात सेन्सरचं अर्धं मिनिट मिळवा. दहा मीटर नळी म्हणजे एका खोलीवर मिनिटभर थांबणं आलं. टाकीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या, तिन्ही पातळ्यांवर तसंच थांबायचं, कारण मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि हायड्रोजन सल्फाइड जड.

नीट कॅलिब्रेट केलेल्या मीटरलाही न दिसणाऱ्या गोष्टी

कॅटॅलिटिक बीडला वायू जाळायला ऑक्सिजन लागतो, हवेत निदान १० ते १२ टक्के. नायट्रोजनने पर्ज केलेल्या, म्हणजे नायट्रोजन सोडून आतली हवा बाहेर घालवलेल्या, व्हेसलमध्ये सॉल्व्हंटची वाफ भरलेली असली तरी एलईएल शून्य येऊ शकतो. आधी ऑक्सिजनचा आकडा वाचा, मग एलईएलचा. वायू फार जास्त झाला तरीही जळायला ऑक्सिजन पुरत नाही, आणि आकडा एकदम वर जाऊन परत खाली येतो. असा उडी मारून उतरलेला आकडा दिसला तर तिथून निघा.

मिथेनवर कॅलिब्रेट केलेला मीटर टोल्युइन, पेंटेनसारख्या जड वाफा खऱ्यापेक्षा बऱ्याच कमी दाखवतो, निम्म्या किंवा त्याहूनही कमी. दिसलेल्या आकड्यावरून खरा आकडा काढायच्या करेक्शन फॅक्टरचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. तुमच्या प्लांटमधल्या सॉल्व्हंटचे फॅक्टर काढून मीटरच्या कपाटावर चिकटवा.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काम करणाऱ्यांसाठी हे विशेष. आंबवण्याच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो आणि नेहमीच्या फोर-गॅस मीटरला तो दिसतच नाही. ऑक्सिजनच्या आकड्यावरून समजेल असं वाटतं, पण हिशेब करून बघा. टाकीतल्या हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून फक्त १९.८ किंवा १९.९ वर येतो. अलार्म १९.५ ला आहे, तो वाजणार नाही. आणि जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी कार्बन डायऑक्साइडची पातळी ४ टक्के आहे. अशा टाकीला इन्फ्रारेड कार्बन डायऑक्साइड सेन्सरचा मीटरच हवा, आणि त्याच्या बंपसाठी त्या वायूचा वेगळा सिलिंडर.

नोंद आणि परमिट

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ मधलं कलम ३६ सांगत होतं की टाकी, खड्डा, चेंबर अशा जागी माणूस उतरवायचा तर सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारलेलं लेखी प्रमाणपत्र हवं, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा घातलेला हवा. ती चाचणी ज्या मीटरने केली तो त्या दिवशी चालू होता का, याची नोंद मात्र परमिटच्या (उतरायच्या लेखी परवानगीच्या) बऱ्याच फॉर्मवर मागितलेलीच नसते. तुमच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवा: मीटरचा सीरियल नंबर आणि त्या दिवशीच्या बंपची वेळ.

लॉगबुकमध्ये दर बंपची एक ओळ पुरते: तारीख, वेळ, मीटरचा नंबर, सिलिंडरचा लॉट नंबर आणि मुदत, चारही वायूंचे प्रत्यक्ष दिसलेले आकडे, सही. ‘ओके’ लिहू देऊ नका. महिनाभर प्रत्येक ओळीत ५०, १८.०, १००, २५ असेच आकडे दिसले तर कुणी वायू सोडलेलाच नाही. खरे सेन्सर एवढे एकसारखे वागत नाहीत. रोजच्या बंपशिवाय आणखी चार वेळा बंप घ्यावी: मीटर पडल्यावर, पाण्यात बुडाल्यावर, ओव्हररेंज (मोजायच्या मर्यादेपलीकडचा वायू) दाखवून आल्यावर, आणि दुसऱ्या शिफ्टकडे जाताना.

ठेकेदार स्वतःचा मीटर घेऊन येतो तेव्हा त्याचं सर्टिफिकेट गेटवर बघून आत सोडतात. त्याऐवजी त्याचा मीटर स्टोअरमध्ये आणा आणि तुमच्या सिलिंडरवर त्याच्यासमोर बंप करा. ज्या कामगाराच्या खिशाला तो मीटर लागणार आहे त्यालाही तिथे उभं करा. अलार्म कसा वाजतो, हातात कसा थरथरतो हे त्याने टाकीत उतरण्याआधी एकदा अनुभवलेलं बरं. मीटर नापास झाला तर त्यावर लाल टॅग लावून, कुठला सेन्सर आणि किती आकडा ते लिहून कुलूपबंद कपाटात ठेवा. टेबलावर ठेवला तर संध्याकाळच्या शिफ्टला कुणीतरी तोच उचलून नेतो.